सुवैराच्या वाटेवरचा दगड

१

ब्राँझची पाटी दुमडलेल्या गोणपाटावर नीट उताणी ठेवलेली होती. तिचे चारही स्क्रू शेजारच्या कागदी कपात होते आणि कप उडू नये म्हणून त्यात मूठभर वाळू टाकलेली होती. ज्या दगडावर ही पाटी बसवली होती, तो कमरेएवढा दगड मात्र जागेवर नव्हता.

नीलांबरी उपासे गाडीचं दार उघडं टाकूनच खाली उतरली. सप्टेंबर अर्धा सरला तरी सकाळपासूनच डोळे चुरचुरायला लागत होते. मदिनत अश शमालहून किनाऱ्याच्या कडेने जाणाऱ्या या रस्त्यावर, मोती काढणाऱ्या लोकांची जुनी ओसाड गावं आहेत. प्रत्येक गावाच्या फाट्यावर एक दगड उभा करून त्यावर त्या गावाचा इतिहास सांगणारी पाटी लावायची, असं हे काम. वारसा जतनाचं शिक्षण घेतलेली सोलापूरची नीलांबरी दोन वर्षांच्या करारावर याच कामासाठी कतारला आली होती. पाट्यांवरचा मजकूर तिचा. दगड निवडले तेही तिनेच. रविवारी उद्घाटन होतं आणि आज गुरुवार.

तिने वाकून पाटीवरची धूळ बोटाने पुसली. 'सुवैरा. इथून खाली समुद्राच्या दिशेला सिद्राच्या झाडाखाली गावाची गोड्या पाण्याची विहीर होती. पाणी खारट झालं आणि गाव उठलं. झाड अजून उभं आहे. या पट्ट्यात सिद्राचं ते एकच झाड उरलं आहे.'

फोन वाजला. दोह्यातल्या ऑफिसातून कुणाल पाध्ये बोलत होता. प्रकल्पाचा सगळा कारभार तोच बघायचा.

"मॅडम, साइटवर पोचलात? आपला ट्रकवाला जालिंदर सकाळपासून गायब आहे. फोन बंद. ट्रक यार्डात उभा आहे. अभिजित म्हणतोय, त्यानेच दगड उचलून कुणाला तरी दिला आणि पसार झाला."

"दगड कोण घेतं, कुणाल? ब्राँझ सोडून दगड?"

"ते पोलीस विचारतील. क्लायंटला आज उत्तर हवंय. दुपारपर्यंत तुमचा रिपोर्ट द्या, मग मी तक्रार करतो. एकदा नाव गेलं की खलास, विषय आपल्या हातात राहात नाही."

फोन ठेवून नीलांबरी चौथऱ्याजवळ उकिडवी बसली. बाजूच्या खडीवर क्रेनच्या ट्रकला आधार देणारे लोखंडी पाय टेकल्याचे चौकोनी ठसे होते. म्हणजे दगड क्रेननेच उचलला होता. पण तिची नजर खिळली ती चौथऱ्यावर वाळलेल्या सिमेंटच्या मालावर. मशीनने कापलेल्या दगडाखालचा माल सपाट असायला हवा. इथे मालावर बोटाएवढे जाड, गोलसर उंचवटे उठले होते. एका कडेला जवळजवळ आणि पुढे पंख्यासारखे फाकलेले. दगडाच्या बुडाला खाचा असल्या, ओला माल त्यांच्यात शिरून वाळला, तरच असे उंचवटे उठतात.

तिने खाणीतून पसंत केलेल्या दगडाला कुठेही खाच नव्हती. इथून जो दगड चोरीला गेला होता, तो तिचा दगड नव्हताच.

२

यार्ड म्हणजे गावाबाहेर पत्र्याच्या कुंपणात घेतलेली मोकळी जागा. आत एक शेड, दगडांच्या थप्प्या आणि मधोमध जालिंदर आजबेचा क्रेन बसवलेला ट्रक.

जालिंदर बीडकडच्या आष्टीचा. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. ट्रकवर त्याचा एवढा जीव की यार्डात लावताना क्रेनचा हात घडी करून केबिनमागे बसवल्याशिवाय तो खाली उतरायचा नाही. कुणी घाई केली तर म्हणायचा, "मॅडम, बैल दावणीला बांधल्याबिगर मानूस घरात जातो व्हय?"

आज क्रेनचा हात ट्रकच्या हौद्यावर कसाही लोळत होता. एक लोखंडी पाय अर्धवट बाहेर राहिला होता. नीलांबरी ट्रकभोवती एक चक्कर मारून थांबली.

"पाहिलंत ना?" मागून अभिजित टिळेकर आला. साइट इंजिनिअर, पुण्याचा, तिशीतला, नेहमी टापटीप. आज त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "घाईत टाकून पळालाय. मी अल वक्राहून निघालो, इथे पोचलो तेव्हा ट्रक असाच उभा होता."

"किल्ली?"

"ट्रकलाच. मॅडम, मी ह्या लोकांवर विश्वास ठेवला, तिथेच चुकलं."

"सुवैराचा दगड बदलला होता का अभिजित?"

त्याने आधी ट्रककडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही. का?"

"खालचा माल वेगळा दिसतोय."

"ते बालाजीला विचारा. माल त्याने टाकला."

बोलताना त्याने कपाळावरचा घाम पुसला. बाही वर सरकली आणि मनगटापासून कोपरापर्यंत ताजे ओरखडे दिसले. तुटक, आखूड, जागोजागी ठिपक्यासारखं रक्त गोठलेले.

"हे काय झालं?"

"पत्रा लागला." त्याने बाही खाली ओढली.

"बरं, मंगळवारच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं होतं, सुवैराच्या विहिरीचं काहीतरी बिघडलंय म्हणून आपले सल्लागार युसुफ तक्रार करतायत. शनिवारी वारसा खात्याची माणसं बघायला येणार आहेत. तू जाऊन पाहिलंस का तिथे?"

"कधी जाणार? फाट्याच्या खाली मी अजून उतरलोच नाही. रस्ताही नाही तिकडे."

त्याला ऑफिसचा फोन आला आणि तो बोलत बोलत बाजूला गेला. नीलांबरीने पायरीवर पाय देऊन ट्रकच्या केबिनचं दार उघडलं. आत दमट उकाडा कोंडला होता. सीटमागे जालिंदरचा पाण्याचा मोठा जार होता, बाहेरून ओलं पोतं गुंडाळलेला. तिने हलवून पाहिला. जार काठोकाठ भरलेला होता.

दोन उन्हाळे इथे काढलेला माणूस कुठूनही, कशासाठीही पळाला तरी पाणी मागे ठेवून पळणार नाही. आणि ज्याने हा ट्रक इथे आणून लावला, त्याला क्रेन घडी करता येत नव्हती.

जालिंदर या ट्रकमधून परत आलाच नव्हता. तो कुठेतरी होता, पाण्याशिवाय, आणि ऊन चढत होतं.

३

शेडच्या सावलीत बालाजी छिन्नीला धार लावत बसला होता. नांदेडकडच्या मुखेडचा पाथरवट. सगळे दगड त्यानेच बसवले होते. मॅडमना पाहून तो उठला, पण छिन्नी हातातून ठेवली नाही.

"बालाजी, पाटीचे स्क्रू साध्या पान्याने निघत नाहीत. त्याची किल्ली तुमच्याकडे असते."

"किल्ली खिळ्याला टांगलेली असती मॅडम. कोनीबी घेतंय."

"पाटी तुम्ही काढलीत?"

"मी न्हाई." तो जमिनीकडे पाहात म्हणाला.

"जालिंदर कुठे आहेत?"

"मला काय ठावं?" तो दोन पावलं मागे सरला. "सकाळी उठलो तर त्येची खाट रिकामी होती. चपला न्हवत्या. मला वाटलं, लवकर गेला आसंल कामावर. मॅडम, माझं नाव कुठं घालू नका. माझं पुढच्या महिन्यात व्हिसाचं हाय."

नीलांबरीने त्याला आणखी छेडलं नाही. घाबरलेल्या माणसाकडून खरं काढायला वेळ लागतो, आणि आज वेळच नव्हता. ती शेडच्या मागच्या बाजूला वळली. तिथे ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं. ताडपत्री उचलल्यावर आधी एक तडकलेला दगड दिसला, मधोमध उभा दुभंगलेला. तिने ओळखला. सुवैरासाठी खाणीत तिनेच हात फिरवून पसंत केलेला दगड हाच. म्हणजे तो बसवण्याआधीच फुटला होता आणि कुणी तिला कळवलं नव्हतं.

त्याच्या शेजारी दुसरा होता. कोरा, नुकता कापलेला, कडांना अजून पांढरी भुकटी लागलेला. त्याच्या अंगावर चार भोकं पाडलेली होती. तिने आपला हात पसरून भोकांमधलं अंतर मापलं आणि मघाशी पाहिलेल्या पाटीचा आकार डोळ्यांसमोर आणला. भोकं सुवैराच्या पाटीचीच होती.

आता कागदी कपातल्या स्क्रूंचा अर्थ लागला. पाटी चोराला नको होती असं नव्हतं. पाटी तिथेच, त्याच चौथऱ्यावर, या नव्या दगडावर परत बसवायची होती. जुना दगड काढायचा, नवा ठेवायचा आणि दुपारच्या आत सगळं होतं तसं दिसायला हवं. ही चोरी नव्हती, ही अदलाबदल होती. ती अर्ध्यावर मोडली, म्हणून तिला चोरीचं नाव देण्यात आलं.

अर्ध्यावर का मोडली?

ताडपत्री टाकून ती वळली, तेव्हा शेडच्या कोपऱ्यावर अभिजित उभा होता. तो केव्हापासून तिथे होता, ते तिला कळलं नाही.

"मॅडम, इथे काय शोधताय?" तो शांतपणे म्हणाला. "कुणाल रिपोर्टची वाट बघतोय. जालिंदरचं नाव लिहा आणि मोकळ्या व्हा."

४

"लिहिते," ती म्हणाली. "आधी युसुफना भेटून येते. त्यांनी धमकी दिली होती ना."

हे खोटं नव्हतं. युसुफ हे सुवैराच्याच घराण्यातले, निवृत्त शाळामास्तर. पाटीच्या मजकुरासाठी खात्याने त्यांना सल्लागार नेमलं होतं. गेल्या महिन्यात दगड उभा केला त्या दिवशी ते आले, दगडावर हात ठेवून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ये पत्थर इधर नहीं रहेगा." त्यांचं म्हणणं, सुवैराची माणसं रस्त्याजवळ कधी राहिलीच नाहीत. राहिली ती विहिरीजवळ, तेव्हा खूणही तिथेच हवी. कुणालच्या यादीत जालिंदरच्या खालोखाल त्यांचंच नाव होतं.

युसुफचं घर गावातच होतं. त्यांनी तिला बैठकीत बसवलं, कहवा पुढे केला. लहानपणी त्यांच्या वडिलांच्या दुकानात मुंबईचे व्यापारी येत, तेव्हापासूनचं त्यांचं हिंदी.

"दगड गेला," नीलांबरी हिंदीत म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात तो इथे राहणार नाही."

त्यांना राग आला नाही. "मैं बोला था, मैं लिखेगा, बड़ा साब को बोलेगा. मैं चोरी क्यों करेगा?" मग म्हणाले, "लेकिन मेरा पत्थर कोई चोरी किया. कुआं का मुंह से. तुमको बोला था."

"त्या दगडाला काय होतं?"

"रस्सी का निशान. मेरी दादी, उसकी मां, सब औरत लोग उधर से पानी खींचा. पत्थर कट गया."

नीलांबरीने फोन काढून चौथऱ्यावरच्या मालाचा फोटो त्यांच्यापुढे धरला. पंख्यासारखे फाकलेले ते गोल उंचवटे. युसुफनी चष्मा वर केला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. त्यांनी उजव्या हाताचं एक बोट फोटोतल्या एका उंचवट्यावरून सावकाश फिरवलं.

विहिरीवर पोहऱ्याचा दोर वर्षानुवर्षं घासून दगडात ज्या खाचा पडतात, त्यांचा हा उलटा ठसा होता. नीलांबरीने सोलापूरकडच्या कितीतरी विहिरींवर तशा खाचांत बोट घालून पाहिलं होतं. पसंतीचा दगड फुटला, वेळ हातात नव्हता, तेव्हा कुणीतरी सरळ विहिरीच्या काठाचा दगड उचलून आणला, खाचा खाली करून बसवला आणि वरून पाटी ठोकली. वरून तो तिच्या दगडासारखाच दिसत होता, म्हणून ना तिला शंका आली ना युसुफना. वारशाची खूण म्हणून वारसाच उपटला. मंगळवारी तिने मीटिंगमध्ये तक्रार सांगितली, शनिवारी खात्याचे लोक येणार हे सांगितलं, आणि दगड काढायची घाई झाली.

"दगड काढून कुठे नेला असेल?"

"जिधर से लाया," युसुफ म्हणाले. "और किधर छुपाएगा? कुआं सूखा है. अंदर डाल दिया तो कौन देखेगा?"

"तिथे ट्रक जातो?"

"जाएगा. बस झाड़ के पास संभालना. सिद्र का कांटा बहुत खराब, उल्टा हुक जैसा. हाथ अंदर गया तो बाहर निकालते वक्त चमड़ी लेके आता है."

नीलांबरीचा हात कपाकडे जाता जाता थांबला. सिद्र म्हणजे आपल्या बोरीचंच भावंड. बोरीचा काटा पत्र्यासारखा सरळ चिरत नाही. तो अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. तुटक, आखूड ओरखडे, जागोजागी रक्ताचे ठिपके.

या पट्ट्यात सिद्राचं एकच झाड उरलं आहे. तिनेच लिहिलं होतं. आणि फाट्याच्या खाली मी उतरलोच नाही, असं अभिजित म्हणाला होता.

"गाडी काढा," ती उठत म्हणाली. "आत्ता."

५

युसुफची लँड क्रूझर फाट्यावरून खाली उतरली तेव्हा मागच्या सीटवर बालाजी होता. यार्डावरून जाताना नीलांबरीने त्याला एवढंच सांगितलं होतं, "जालिंदर विहिरीत असतील. दोर घ्या." त्यावर तो दोराचं वेटोळं घेऊन आत चढला होता. वाटेतच तिने ॲम्ब्युलन्सला फोन करून जागा सांगितली. ठिकाणाला नाव आहे का, असं पलीकडच्या माणसाने विचारलं.

"सुवैरा," ती म्हणाली. "फाट्यावर पाटी आहे. जमिनीवर पडलीय, पण आहे."

गाडी खडकांवरून हिंदकळत होती. थोडा वेळ गेल्यावर मागून बालाजीचा आवाज आला.

"पाटी म्याच काढली मॅडम. काल सांजच्याला. सायब म्हनले, पॉलिश करायची हाय, तिथंच ऱ्हाऊ दे. सकाळी यार्डात आलो तर सायबाची गाडी आधीच उभी, पर सायब न्हाईत. मंग थोड्या येळानं ट्रक आला. चालवत सायब होते. मला म्हनले, तू काई बगितलं न्हाई." त्याने गुडघ्यावरचा दोर घट्ट धरला. "मी इच्यारायला पाह्यजे होतं, जालिंदर कुठं हाय म्हून. इच्यारलं न्हाई."

समोर झाड दिसू लागलं होतं. सगळ्या करड्या माळावर तेवढाच एक हिरवा ठिपका.

झाडाखाली ट्रकच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या. विहिरीच्या काठावर, आपल्या जुन्या जागेपासून वीतभर तिरका, तो दगड टेकलेला होता. खाचा वरच्या अंगाला. त्याच्या बाजूचा काठ मात्र ढासळला होता आणि ताजी माती आत घसरलेली दिसत होती. वाकलेल्या एका फांदीला निळ्या कापडाचा धागा अडकला होता. अभिजितच्या शर्टाचा रंग.

नीलांबरी जमिनीवर पालथी झाली आणि पुढे सरकून आत डोकावली. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी फक्त काळोख दिसला.

"जालिंदर."

काही नाही. तिने पुन्हा हाक मारली. बालाजी तिच्या शेजारी येऊन पडला आणि घसा ताणून ओरडला, "जालिंदरभाऊ, ओ भाऊ."

खालून खरवडल्यासारखा एक आवाज आला. मग, हळू, पण स्पष्ट: "पानी हाय का?"

युसुफ तोवर गाडीकडे गेले होते. त्यांनी पाण्याची बाटली दोराला बांधली आणि ती आत सोडली. दोर सोडताना तो खाचेतून सरकत होता. दोर एकदाही सुटला नाही.

"थोड़ा थोड़ा पीना," ते खाली वाकून म्हणाले. "जल्दी नहीं, बेटा."

रस्त्याच्या बाजूने सायरन ऐकू येऊ लागला.

६

जालिंदरचा पाय मांडीत मोडला होता आणि बरगड्यांना मार होता. डॉक्टर म्हणाले, विहिरीत सावली होती म्हणून वाचला. वर उघड्यावर पडला असता तर सांगता आलं नसतं.

हॉस्पिटलच्या बाहेरच्या खोलीत कुणाल दोह्याहून येऊन बसला होता. अभिजितही आला होता. पोलीस व्हरांड्यात युसुफचा जबाब घेत होते. काचेतून त्यांच्याकडे बघत अभिजित म्हणाला, "बरं झालं सापडला. दगड लपवायला गेला आणि पडला बिचारा."

"एकटा गेला?" नीलांबरीने विचारलं.

"असणार."

"मग ट्रक कुणी आणला?"

कुणालने मान वर केली.

"ही चोरी नव्हतीच, कुणाल," ती म्हणाली. "पाटी जपून ठेवली होती, कारण ती परत लावायची होती. यार्डात तिच्यासाठी भोकं पाडलेला नवा दगड तयार आहे. तो मागवायचा अधिकार जालिंदरला नाही आणि बालाजीलाही नाही. जुना दगड विहिरीचा होता, त्याच्या खाचा चौथऱ्यावरच्या मालात उठल्यात. शनिवारी तो कुणाला दिसला असता तर उत्तर इंजिनिअरला द्यावं लागलं असतं. दगड काढायला क्रेन हवी, म्हणून जालिंदर लागले. पण ट्रक परत आला तेव्हा क्रेनचा हात लोळत होता आणि त्यांचं पाणी आत भरलेलं तसंच होतं. म्हणजे चालवणारा दुसराच होता. आणि हा दुसरा माणूस त्या विहिरीत वाकून बघून आलेला आहे. बाही वर कर, अभिजित."

अभिजितने बाही वर केली नाही. तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"पत्रा लागला, असं तू म्हणालास. फांदीला तुझ्या शर्टाचा धागा आहे. तो पोलिसांनी काढून घेतलाय."

"मी त्याला ढकललं नाही," तो शेवटी म्हणाला. "दगड आत टाक म्हणालो. तो ऐकेना. म्हणाला, जागेवर ठेवतो. त्याने ठेवला. मग मी म्हटलं, निदान फोडून टाकू, कुणाला कळणार नाही. तो दगडाच्या पुढे येऊन उभा राहिला. काठ सुटला. मी वाकून दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही. मला वाटलं, गेला."

"आणि मग?"

"मग घाबरलो."

"घाबरून तू ट्रक यार्डात आणलास. फोन करून त्याला चोर ठरवलंस. दिवसभर माझ्याशी बोलत होतास. त्यातल्या कुठल्याही क्षणी तुला सांगता आलं असतं."

तेवढ्यात दार उघडून पोलीस आत आला आणि त्याने अभिजितचं नाव विचारलं.

संध्याकाळी नीलांबरीला जालिंदरला भेटायची परवानगी मिळाली. त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. तिने काही विचारायच्या आत तोच बोलू लागला.

"मॅडम, पयल्यांदा तो दगड उचलला मीच. सायबानं सांगितलं, पडीक गावाचा हाय, कुनाचा न्हाई. मी उचलला. खाचा बगितल्या तवाच कळलं, कुनाचा तरी हाय. पर उचलला."

"माझ्या जबाबात ते लिहिलंय मी. लपवलं नाही. युसुफना सांगितलं. ते म्हणाले, याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, यानेच परत ठेवला, हे मी खात्याला लिहून देतो."

जालिंदर छताकडे पाहात राहिला. "सायबानं हाक मारली, ती ऐकू आली मला. पर छातीत हवाच न्हवती, बोलायला येईना. हात वर केला. आंधारात दिसला नसंल." त्याने मान दाराकडे वळवली. "मंग ट्रक सुरू झाला. माझाच ट्रक. आवाज लांब लांब जात गेला."

नीलांबरीने त्याच्याकडून घरचा नंबर घेऊन आष्टीला फोन लावला.

फोन बायकोने, राणीने उचलला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मागे कुणी म्हातारी रडत होती. जालिंदरची आई असावी.

"जिवाला धोका न्हाई ना?" राणीने विचारलं.

"नाही. पाय मोडलाय, बसवतील."

"त्यांना द्या फोन."

नवरा-बायको चार शब्द बोलले. जालिंदर फक्त "हां, हां" म्हणत होता आणि डोळे मिटून घेत होता. मग त्याने फोन परत दिला. "तुमच्याशी बोलायचंय तिला."

"ताई," राणी म्हणाली, "सकाळी तुमच्या हाफिसातून एका सायबाचा फोन आला. तुमचा नवरा चोरी करून पळालाय, घरी आला तर कळवा म्हनले. तवा घरात बायका होत्या. फोन मोठ्या आवाजावर होता. दुपारपतुर सगळ्या गावाला झालं. सासूबाई सकाळपासून उंबऱ्यात बसल्यात, घास घेतला न्हाई."

नीलांबरीने दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे कुणाल हातात फोन घेऊन येरझाऱ्या घालत होता.

"मी सांगून कुनी ऐकायचं न्हाई," राणी म्हणाली. "बायको हाय, नवऱ्याची बाजू घेनारच, म्हनतील. ज्या सायबानं ते सांगितलं, त्यालाच हे सांगाया लावा. मी बायकांना बोलावून घेते."

नीलांबरी बाहेर आली आणि आपला फोन कुणालपुढे धरला. काय करायचं ते तिने त्याला थोडक्यात सांगितलं. तो घुटमळला.

"मॅडम, ऑफिसतर्फे असं फोनवर काही कबूल करायचं म्हणजे मला वर विचारावं लागेल. उद्या मेल टाकतो ना."

"सकाळी कुणाला विचारलं होतंस?"

कुणालने फोन घेतला. पलीकडून भांड्यांचा, पावलांचा, कुणीतरी कुणाला आत बोलावल्याचा आवाज येत होता. तो ऐकत उभा राहिला. मग तिकडचा आवाज हळूहळू बंद झाला.

"बोला सायब," राणी म्हणाली. "जरा मोठ्यानं बोला. मागं बसलेल्यांना ऐकू जायाला पाह्यजे."

कुणालने व्हरांड्यातल्या लोकांकडे एकदा पाहिलं, घसा साफ केला आणि आधी स्वतःचं नाव सांगितलं.